गरजेचा दाखला

संकटात सापडलेल्या माणसास साह्य करावे, याविषयी कोणत्याही नीतिशास्त्रात दुमत नाही. मतभेद सुरू होतात ते त्यापुढे. साह्य मागणारा खरोखरच गरजू आहे हे कशावरून ठरवावयाचे? त्याने आपल्या गरजेचा पुरावा किती द्यावा, आणि मुख्य म्हणजे साह्य मिळण्याआधी द्यावा की मिळाल्यानंतर? वरवर पाहता हा कचेरीतील कामकाजाचा प्रश्न दिसतो. आमच्या मते तो नीतीचाच प्रश्न आहे; आणि २०२० व २०२१ या दोन वर्षांतील महामारीने तो जितक्या उघडपणे आपल्यापुढे ठेवला, तितका क्वचितच कधी ठेवला गेला असेल.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक विद्यार्थी डोळ्यांपुढे आणू. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी विटा-खानापूरकडची मंडळी देशभर पसरली, तशी ती आमच्या बंगळुरातही आली. समजा, अशाच एका कारागिराचा मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे काम शिकत आहे, आणि सायंकाळी एखाद्या दुकानात चार तास राबून बसच्या पासाचा व वह्यांचा खर्च स्वतःच भागवीत आहे. मार्च २०२० च्या मध्यास त्याची संस्था बंद झाली. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. बापाची भट्टी विझली, मुलाचे दुकान मिटले. कला शाखेचा विद्यार्थी निदान पुस्तक उघडून बसू शकतो. परंतु कानस कशी धरावी, लोखंड किती घासले म्हणजे मापात बसते, हे मोबाइलच्या पडद्यावर पाहून हाताला कळत नाही. अशा मुलाचे शिक्षण दोन-तीन हजार रुपयांवाचून अडते, आणि एकदा तो मिळेल त्या मजुरीस लागला की त्याचे परत येणे कठीण होते. म्हणून साह्य किती हा त्याच्या बाबतीत दुसरा प्रश्न होय. साह्य केव्हा, हा पहिला.

गरीब विद्यार्थ्यास पोसण्याची रीत आपल्या समाजात जुनी आहे. वार लावून जेवणारा आणि माधुकरी मागणारा विद्यार्थी पुण्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. त्याच्याजवळ कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. घरातील माउलीने त्याच्या तोंडाकडे पाहिले, एवढाच काय तो पुरावा. परंतु या रीतीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. ते दार बहुधा आपल्याच जातीच्या मुलास उघडत असे. ओळख होती म्हणून विश्वास होता. ज्याची ओळख नव्हती तो उंबऱ्याबाहेरच राहिला. इन्फ्लुएंझाच्या भयंकर साथीपाठोपाठ, १९१९ मध्ये, भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका छपराखाली जेवू घातली. गरज हीच पात्रता, कूळ नव्हे, हे तेथे कृतीने सांगितले गेले.

सरकारी साह्याचे श्रेष्ठत्व यातच आहे. सरकारला कोणी आपला नाही आणि कोणी परका नाही. पण ज्यास ओळख नाही त्यास कागद लागतो. आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करणारी माणसे. कागदाची थट्टा सर्वत्र होते, तीत आम्हांस सामील होता येत नाही. दाखला, सही, शिक्का हे निःपक्षपातीपणाचे मोल आहे. जो पैसा वाटावयाचा तो आमच्या खिशातला नसतो. तो तेल घेताना कर भरणाऱ्याचाही असतो. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणे हे औदार्य नव्हे. हे सारे आम्हांस मान्य आहे, आणि इतके मान्य केल्यावरच पुढचे बोलण्याचा अधिकार येतो.

आपत्तीच्या काळात कागद नेमके काय सिद्ध करतो, हे आता पाहू. कर्नाटकात नाडकचेरीतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला पाच वर्षे चालतो. म्हणजे २०१८ मध्ये घेतलेला दाखला २०२० मध्येही ग्राह्य. आणि त्यावर लिहिलेले उत्पन्न मात्र ज्या दिवशी भट्टी विझली त्याच दिवशी नाहीसे झालेले! दाखला खरा, शिक्का खरा, आणि त्यातून निघणारा निष्कर्ष खोटा. ६ मे २०२० रोजी कर्नाटक सरकारने १,६१० कोटी रुपयांची साह्ययोजना जाहीर केली. तीत रिक्षा व टॅक्सीचालक, न्हावी आणि परीट यांस प्रत्येकी ५,००० रुपये देण्याचे ठरले. हे योग्यच झाले. या लोकांचा धंदा उघड्यावरचा. तो बुडाला हे सर्वांस दिसत होते, आणि रिक्षावाल्याजवळ तर परवाना होता. परंतु सायंकाळी चार तास राबणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद कोणत्या वहीत होती? तो कामगार नव्हता, कारण तो विद्यार्थी होता. आणि विद्यार्थ्याची रोजी बुडते, हे कोणाच्या गणतीतच नव्हते.

मृत्यूचा दाखला तरी मिळतो, असे कोणी म्हणेल. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ‘स्वनाथ’ या नावाने पदवी व पदविका अभ्यासक्रमांसाठी वर्षाला ५०,००० रुपयांची शिष्यवृत्ती सुरू केली, आणि तीत अनाथ मुलांबरोबर कोविडने आई वा बाप हिरावलेल्यांचाही समावेश केला. ही मोठीच सोय होय. पण मृत्यू कोविडनेच झाला हे दाखविणारा कागद मिळविणेही कित्येकांस इतके जड गेले, की प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने दाखल्यांची पद्धत सोपी करण्यास फर्माविले. आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, वारसांस द्यावयाचे ५०,००० रुपयांचे सानुग्रह साह्य केवळ दाखल्यावर कोविडचा उल्लेख नाही या कारणाने नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. मरणाची ही कथा, तर बुडालेल्या रोजगाराचा दाखला कोणत्या खिडकीवर मिळावा?

श्रीमंत देशांतही हा पेच सुटला नव्हता. अमेरिकेत मार्च २०२० च्या कायद्याने महाविद्यालयांस सुमारे १४ अब्ज डॉलर मिळाले, आणि प्रत्येक संस्थेस नेमून दिलेल्या रकमेपैकी निदान निम्मे थेट विद्यार्थ्यांच्या हाती तातडीचे अनुदान म्हणून द्यावे, असे ठरले. धंदेशिक्षणाच्या संस्थाही त्यात होत्या. कायद्याचा हेतू निर्मळ होता. परंतु शिक्षण खात्याने पात्रतेची अशी अट घातली की सरकारी विद्यार्थी-साह्यास जे पात्र नव्हते ते या अनुदानासही मुकले. त्यावर कज्जे झाले, आणि मे २०२१ मध्ये तो निर्बंध उठला. एका विद्यार्थ्याच्या आयुष्यात चौदा महिने म्हणजे अख्खे शैक्षणिक वर्ष होय.

साह्य देताना दोन प्रकारच्या चुका संभवतात. गरज नसलेल्यास दिले जाणे ही एक. गरज असलेल्यास न मिळणे ही दुसरी. आमची सारी व्यवस्था पहिल्या चुकीस भिते, कारण ती हिशेबतपासणीत सापडते. दुसरी चूक कोणत्याच तपासणीत सापडत नाही. जो मुलगा संस्था सोडून गेला तो आक्षेप लिहावयास परत येत नाही. पण नीतीच्या तराजूत त्यांचे वजन समान नाही. पहिल्या चुकीने सर्वांचे मिळून थोडेसे नुकसान होते. दुसरीने एकट्याचे, आणि सगळेच. शिवाय कसून तपासणी करण्यास लागणारा काळ लबाडाच्या खात्यावर पडत नाही. त्यास घाई नसते. तो काळ खऱ्या गरजूच्या पोटातून कापला जातो. विलंब म्हणजे निर्णय न घेणे, अशी आमची समजूत असते. वास्तविक विलंब हाही एक निर्णय असतो, आणि तो नेहमी एकाच पक्षाविरुद्ध जातो.

यावर आक्षेप येईल की, शब्दावर विश्वास ठेवू लागलो तर प्रामाणिक माणूसही लबाडी शिकेल. आक्षेप पोकळ नाही. म्हणूनच विश्वासास मर्यादा हवी. आणि ती माणसाच्या जातीकुळावरून नव्हे, रकमेवरून व काळावरून ठरावी. जे साह्य लहान आहे, एकदाच द्यावयाचे आहे आणि आज न दिल्यास निरर्थक ठरणारे आहे, ते विद्यार्थ्याच्या सहीच्या निवेदनावर आणि त्याच्या शिल्पनिदेशकाच्या शब्दावर द्यावे. कोण येईनासा झाला आणि का, हे त्या निदेशकास कोणत्याही दाखल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. त्याने आपल्या मर्जीतल्यासच पुढे करू नये, म्हणून विद्यार्थ्याचे निवेदन थेटही स्वीकारले जावे. त्यानंतर शंभरांतील पाच-दहा प्रकरणे तपासावीत, आणि खोटे बोलणाऱ्याकडून रक्कम वसूल करावी. जे साह्य मोठे आहे आणि वर्षानुवर्षे चालावयाचे आहे, त्यास खुशाल पूर्ण पुरावा मागावा. पुरावा रद्द करावा असे आम्ही म्हणत नाही. त्याची जागा बदलावी, एवढेच म्हणतो.

आणखी एक शंका मनात वावरत असते: या मुलांवर खर्चिलेल्या पैशाचे पुढे काय होणार? मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी बंगळुरात शिकवण्या करून पदवी मिळविली आणि म्हैसूर सरकारच्या साह्यावर ते पुण्यास स्थापत्यशास्त्र शिकावयास गेले. तेथे १८८३ मध्ये ते पहिले आले आणि १८८४ मध्ये नोकरीस लागले ते मुंबई सरकारच्या. म्हैसूरच्या दरबारी हिशेबात ती रक्कम तूर्त बुडीतच दिसली असती. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता होऊन आले, तेव्हा पंचवीस वर्षे लोटली होती. प्रत्येक फिटर विश्वेश्वरय्या होत नाही, आणि व्हावयाची गरजही नाही. शहराचे नळ आणि यंत्रे चालू राहतात ती त्याच्याच हाताने. परंतु साह्याचे फळ साह्याच्या वर्षीच मोजू नये, इतका बोध त्यातून घेता येईल.

पुढची आपत्ती केव्हा येईल, ती साथ असेल की पूर, हे सांगता येत नाही. पण कोणत्या संस्थेत कोणता विद्यार्थी स्वतः राबून शिकतो, त्याचे बँकेतील खाते कोणते, आणि त्याच्या नावाने शब्द कोण देईल, याची यादी आजच्या शांत दिवसांत करता येते. कागद तपासावयास तेव्हा वेळ नसतो, आता आहे. ती यादी आमच्यासारख्या कोणा कारकुनाच्या टेबलावर तयार पडलेली असेल, तर त्या दिवशी विद्यार्थ्याजवळ गरजेचा दाखला मागावा लागणार नाही.