वाढलेली बांगडी, राखलेले नाणे

आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले असते. ५१, १०१, ५०१ अशी रक्कम देताना आकडा शून्यावर थांबू नये, दोन घरांतले देणेघेणे पुढे चालू राहावे, ही त्यामागची भावना. त्या नाण्याच्या जागी दुसरे कोणतेही नाणे चालते. शुभचिन्हांना अशी बदली चालते. दसऱ्याला बांधलेले आंब्याच्या पानांचे आणि झेंडूचे तोरण वाळते, पाडव्याला नवे लागते. दुकानाच्या दारातली लिंबू-मिरची शनिवारी बदलतात. अंगणातले रांगोळीचे स्वस्तिक संध्याकाळपर्यंत पायांखाली विस्कटते आणि सकाळी पुन्हा रेखले जाते. वस्तू टिकावी अशी अपेक्षाच नसते. पुन्हा बांधणे, पुन्हा रेखणे एवढे मात्र चुकवायचे नसते.

तरीही चिन्ह मोडल्याचा उच्चार टाळला जातो. बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, बांगडी वाढली म्हणतात. मंगळसूत्र तुटले तरी तेही वाढते. घरातून निघणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. याला नुसती अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारले, तर त्यातली काळजी निसटते. आपल्या माणसाचे काय होईल हे कुणाच्याच हातात नसते. हातात असतो तो शब्द, आणि तेवढा तरी अभद्र निघू नये असे वाटते.

आठवणीच्या वस्तूला बदली चालत नाही. याचे मराठी माणसाला ठाऊक असलेले उदाहरणही एक रुपयाच्या नाण्याचेच आहे. मुंबईच्या शिवाजी पार्कवर क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर सरावाच्या वेळी यष्टीवर नाणे ठेवत. सचिन तेंडुलकरला बाद करील त्याचे ते नाणे, आणि सचिन शेवटपर्यंत नाबाद राहिला तर त्याचे. अशी १३ नाणी त्याने जिंकली आणि जपून ठेवली. बाजारात त्यांचे मोल १३ रुपये. तेवढीच दुसरी नाणी त्यांच्या जागी ठेवली, तर दिसायला काहीच फरक पडणार नाही आणि तरी सगळे हरवलेले असेल. दमलेल्या पोराला आणखी थोडा वेळ खेळपट्टीवर उभे ठेवणारे गुरूचे लक्ष त्या नाण्यांतच आहे. आहेराचे नाणे पुढच्या काळाकडे पाहते, ही नाणी संपलेल्या संध्याकाळांची साक्ष देतात.

वस्तूशी जडणारे हे नाते फार लहानपणी सुरू होते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मुलांच्या अशा वस्तूंचा विचार मांडला. मूल एखादे फडके किंवा पांघरुणाचे टोक धरून झोपते. आई जवळ नसतानाचा आधार त्याला त्यातून मिळतो. ते फडके मळले तरी धुतलेले त्याला खपत नाही, कारण वास गेला की ओळख जाते. महाराष्ट्रात गोधडीचे हेच आहे. आजीची जुनी लुगडी, आजोबांची धोतरे एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी उबेसाठी असते, पण कोणता तुकडा कुणाच्या लुगड्याचा हे घरातल्या बायकांना बोट ठेवून सांगता येते. विकत आणलेल्या रजईत ते नसते.

मंगळसूत्रात शुभचिन्ह आणि आठवण हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. काळे मणी दृष्ट लागू नये म्हणून आणि दोन वाट्यांपैकी एक माहेरची, एक सासरची, हा सगळ्यांचा सामाईक अर्थ. तेच मंगळसूत्र एखाद्या बाईने पंचवीस वर्षे गळ्यात घातले, तुटले तेव्हा नव्या पोतीत ओवून घेतले, अडचणीत त्यातले सोने गहाण ठेवून सोडवून आणले, की ते तिच्या संसाराची आठवणही होते. नवरा गेल्यावर समाज केवळ पहिला अर्थ मानत आला आणि त्या आधाराने मंगळसूत्र काढून घेणे, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी उतरवणे हे सारे त्याच दिवशी करत आला. जिचे माणूस गेले, तिच्याकडून त्याची खूणही हिसकावायची, ही क्रूरता रीत म्हणून चालली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या. पाठोपाठ राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडप्रमाणे करण्याचे आवाहन केले. गळ्यातली पोत आता ठेवायची की पेटीत जपायची, हे ठरवण्याचा तिचा हक्क त्या ठरावात मान्य झाला.