लोकरीचे सोवळे

गोदावरी आणि दुधना यांच्या खोऱ्यांत, परभणी जिल्ह्याच्या काळ्याभोर शिवारांत, रोहिणी नक्षत्र सरत आले आणि आभाळाचा रंग पालटू लागला की ज्याच्यापाशी कळप उरला आहे असा धनगर आपली मेंढरे डोहावर नेतो, एकेकीला पाण्यात उतरवून हातांनी चोळून धुतो, आणि अंग वाळले म्हणजे तिचे पाय बांधून कातरीने लोकर उतरवून घेतो. मृगाच्या सरींत भिजलेल्या लोकरीचे ओझे मुक्या जनावराला बाधू नये, एवढाच या लगबगीचा हेतू. ही लोकर पिंजली जाते, चरख्यावर तिचे सूत निघते, चिंचोक्याची खळ त्या सुताला ताठपणा देते, आणि सणगराच्या मागावर तिचे घोंगडे होते. पावसात त्या घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन बांधावर उभा राहणारा आणि पौषाच्या थंडीत तेच अंगावर ओढून खळ्यात निजणारा कुणबी लोकरीचा गुण जितका जाणतो, तितका तो ग्रंथांतून कळणे कठीण आहे. तथापि ग्रंथांनीही लोकरीविषयी काही सांगून ठेवले आहे, आणि जो प्रश्न मला दीर्घकाळ अस्वस्थ करीत आला आहे तो तेथूनच उद्भवतो.

सोवळ्याओवळ्याचा निर्बंध ज्या घरांत कसोशीने पाळला जाई, तेथे स्वयंपाकाला व देवपूजेला बसताना रेशमाचा मुकटा किंवा कद नेसावा, नाहीतर लोकरीची धाबळी, असा शिरस्ता होता. सुती वस्त्र रोज धुऊन, कोणाचा स्पर्श होणार नाही अशा उंच दांडीवर वाळत घालावे लागे आणि चुकून कोणी शिवले की ते ओवळे होई. धाबळीला मात्र या नित्याच्या धुण्यातून सूट होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा जो विचार आहे, त्यात रेशीम आणि लोकर ही दोन्ही एका पंक्तीत बसवून खाऱ्या मातीने त्यांची शुद्धी सांगितली आहे. अर्थात लोकर ही स्वभावतःच पवित्र, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या रूढ झाली. परंतु ती लोकर ज्याने कातरली, ज्या बाईने सूत काढले आणि ज्या सणगराने मागावर बसून ती विणली, त्यांपैकी कोणालाही त्या धाबळीच्या धन्याच्या स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती. त्यांच्या हातांनी घडलेले वस्त्र देवापाशी जाई. ते हात ओसरीवरच थांबत.

हे पावित्र्य येते कोठून? लोकर जीव न घेता मिळते म्हणून ती पवित्र, असे पुष्कळदा सांगण्यात येते. हे उत्तर मनाला रुचते, पण टिकत नाही. कारण तिच्याच पंक्तीला बसलेले रेशीम कोशांतील जिवंत किडे उकळत्या पाण्यात घालून काढले जाते. अहिंसा हीच कसोटी असती तर पंक्ती मोडली असती. ही कसोटी खरोखर मानणारी परंपराही याच जिल्ह्यात आहे. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या डोंगरातील गुंफांत दिगंबर जैनांच्या प्राचीन मूर्ती आहेत, आणि त्या संप्रदायाचे मुनी हाती जी पिच्छी बाळगतात ती मोराने आपण होऊन टाकलेल्या पिसांची असावी लागते. तेथे नियम आणि त्याचे कारण यांत अंतर नाही. आपल्या सोवळ्याच्या नियमात ते अंतर मला दिसते.

खरे कारण, माझ्या मते, फार साधे आहे. लोकर वारंवार धुतली तर ती आकसते, तिचे तंतू एकमेकांत गुंतून घट्ट होतात, आणि पावसाळ्यात ती दोन दोन दिवस वाळत नाही. जे रोज धुता येत नाही त्याच्यावर रोज धुण्याची सक्ती करण्यात हशील नाही, हे शास्त्रकारांच्या ध्यानी आले आणि त्यांनी वस्तूचा स्वभाव पाहून नियम सैल केला. याबद्दल मी त्यांना दोष देत नाही; उलट यात त्यांचा व्यवहारज्ञ विवेकच प्रकट होतो. पण एवढे मान्य केले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. ज्या विवेकाने धुता न येणाऱ्या वस्त्राला सूट दिली, त्याच विवेकाने, वर्षातील कित्येक महिने कळपामागे रानोमाळ हिंडणाऱ्या, रात्री कोणाच्या तरी शेतात खतासाठी मेंढरे बसवून त्यांच्याच भोवती निजणाऱ्या आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पिण्यापुरते पाणी मिळाले तरी समाधान मानणाऱ्या माणसाच्या नित्यस्नानाचा विचार का करू नये? वस्त्राच्या अडचणीला जे औदार्य लाभले, ते माणसाच्या अडचणीच्या वाट्याला आले नाही.

येथे सोवळे पाळणाऱ्यांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. पहाटे थंड पाण्याने स्नान करून, धाबळी नेसून, चुलीपाशी मौनाने नैवेद्य सिद्ध करणाऱ्या स्त्रियांच्या त्या आचरणात एक एकाग्रता होती, आणि ईश्वराला अर्पण करावयाचे ते सावधपणे करावे ही त्यामागची भावना मला आजही वंदनीय वाटते. तिचा मी अव्हेर करीत नाही. परंतु तीच सावधता धनगराच्याही कामात होती: व्यालेल्या मेंढीला आणि कोकराला वाऱ्यापावसात जपताना, कातर चालवताना कातडीला जखम होऊ न देण्यात. त्या सावधतेला मात्र पूजेचे नाव मिळाले नाही.

ते नाव देणारी जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडची, याच जिल्ह्यातली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शूद्र घरातील ही मुलगी पंढरपुरास दामाशेटींच्या घरी दासी म्हणून राहिली आणि नामदेवांच्या त्या कुटुंबात दळणकांडण, झाडलोट करता करताच संतपदाला पोचली. तिची कथा महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’मुळे महाराष्ट्रात घरोघर गेली: विठ्ठल रात्री जनीकडे येतो, तिच्याबरोबर दळतो, आणि पहाटे लगबगीने देवळात परतताना आपला शेला आणि पदक विसरून तिची वाकळ पांघरून जातो. काकड आरतीला आलेल्या पुजाऱ्यांना देवाच्या अंगावर चिंध्यांची वाकळ दिसते. पण तिच्यावरून त्यांना काहीच उमगत नाही, पदक हरवले एवढेच तेवढे उमगते, आणि चोरीच्या आळाने जनीला सुळावर देण्याचे ठरते. पुढे सुळाचे पाणी झाले, हा चमत्कार भाविक डोळे पाणावून सांगतात. मला मात्र त्याआधीचा प्रसंग अधिक चमत्कारिक वाटतो, कारण दासीच्या अंगाचा घाम मुरलेले वस्त्र पांघरून देव गाभाऱ्यात उभा आहे आणि त्याला विटाळ झालेला नाही. ज्यांनी विटाळाचा हिशेब ठेवायचा त्यांनी या वाकळीची नोंद कोणत्या खाती करावी?

हा देव मुळात गवळ्याधनगरांचा, असा विचार रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात मोठ्या परिश्रमाने मांडला. मराठवाड्यातील असंख्य घरांचे कुलदैवत असलेला खंडोबा तर बाणाईसाठी धनगरवाड्यावर चाकरीला राहिला आणि मेंढरे राखू लागला, असे लोककथा सांगते. देवाने मेंढरे राखली, हे गाण्यात चालते.

मेंढी आणि गाणे यांची ही सोबत दूरदेशीही आढळते. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवरही जीवन शतकानुशतके मेंढीवरच उभे होते; चराईची आणि कळपांची व्यवस्था लावणारे तेथील फर्मान १२९८ सालचे आहे. हिवाळ्याच्या लांबलचक रात्री धुराने काळवंडलेल्या एका मोठ्या खोलीत घरची माणसे लोकर विंचरीत, कातीत, विणीत बसत, आणि त्याच बैठकीत जुनी दीर्घ कवने म्हटली जात. पंथ निराळा, हवामान निराळे. परंतु हात गुंतलेले असताना वाणी मोकळी ठेवण्याची ती रीत जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आपल्या बायांना परकी वाटली नसती.

आता दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही. कातरणावळही अनेकदा सुटत नाही, कृत्रिम धाग्याची स्वस्त ब्लँकेटे बाजारात मुबलक आहेत, गायराने आक्रसली आहेत, आणि धाबळी बहुतेक घरांतून नाहीशी झाली आहे. तेव्हा हा प्रश्न निकालात निघाला, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. वस्त्र गेले तरी माणसांची शुद्धता जोखण्याची सवय राहिली आहे, आणि तिच्या समर्थनार्थ आजही सांगण्यात येते की पूर्वसूरींनी नियम केले ते सर्वांना सारखे, त्यांत परिस्थितीचा विचार करण्याची सोय नव्हती. ही सबब मी मान्य करीत नाही. सोय होती, लोकरीसाठी ती केलेली होती.