दुसऱ्याच्या गुन्ह्याचे ओझे

वाचकहो, उल्हासनगरात पत्ता सांगताना आजही लोक 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असे म्हणतात. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की त्याचा अर्थ आपल्या मनात येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करासाठी बराकी उभारल्या गेल्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहिली आणि 1949 मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ-बदलापूरपर्यंतच्या आपल्या व्यापारात आणि नोकरीत त्या कुटुंबांच्या नातवंडांशी आपला रोजचा संबंध येतो. ती माणसे आपली घरे सोडून का आली, हा प्रश्न मुस्लिम या नात्याने आपण स्वतःला विचारला पाहिजे.

सिंधमध्ये पंजाबसारखी सरसकट कत्तल झाली नव्हती. फाळणीनंतर काही महिने अनेक हिंदू कुटुंबे तेथेच राहण्याच्या विचारात होती. मात्र 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत गुरुद्वाऱ्यात आश्रय घेतलेल्या शिखांवर हल्ला झाला. त्यानंतर हिंदूंची घरे व दुकाने लुटली गेली. तेव्हा लोकांचा धीर सुटला आणि स्थलांतराला वेग आला. हल्लेखोरांमध्ये भारतातून सर्वस्व गमावून गेलेले मुहाजिरही होते. त्यांचे दुःख खोटे नव्हते. परंतु कराचीतील त्या शिखांनी त्यांचे घर जाळलेले नव्हते. एका ठिकाणच्या अत्याचाराचा सूड दुसऱ्या ठिकाणच्या निरपराध माणसांवर उगवला गेला.

येथे नैतिक प्रश्न उभा राहतो. एखाद्या देशातील अल्पसंख्य समाज हा दुसऱ्या देशातील आपल्या धर्मबांधवांच्या कृत्यांसाठी ओलीस आहे काय? 'तिकडे आमच्यावर अन्याय झाला, म्हणून इकडे तुमच्यावर' हा विचार त्या काळात सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलला जात होता आणि आजही तो संपलेला नाही. पवित्र कुरआनचे उत्तर निःसंदिग्ध आहे. सूरह अल्-अन्आममध्ये (6:164) सांगितले आहे की, कोणीही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. हा नियम आखिरतच्या हिशेबाचा आहे. जो न्याय अल्लाह आपल्या दरबारात करणार आहे, त्याच्या उलट वागण्याचा अधिकार बंद्याला कोठून मिळणार?

हेच तत्त्व 8 एप्रिल 1950 रोजी दिल्लीत पंडित नेहरू आणि लियाकत अली खान यांनी केलेल्या करारात कायद्याच्या भाषेत उतरले. दोन्ही सरकारांनी आपापल्या अल्पसंख्यकांना धर्माचा विचार न करता समान नागरिकत्व आणि जीवित-वित्ताची सुरक्षितता देण्याचे वचन दिले. अल्पसंख्यकांची निष्ठा आपल्याच राष्ट्राशी असेल आणि त्यांनी दादही आपल्याच सरकारकडे मागावी, असेही त्यात नमूद झाले. म्हणजे कोणीही कोणाचा ओलीस नाही. सिंधमधील बहुतेक हिंदूंसाठी मात्र या कराराला उशीर झाला होता, कारण तोपर्यंत ते घर सोडून निघून आले होते.

कोणी म्हणेल, 'आज आपल्याच समाजापुढे इतकी संकटे असताना दुसऱ्यांच्या जखमा कशाला मोजायच्या? त्याने आपलीच बाजू दुबळी होते.' ही शंका मनापासूनची आहे, म्हणून तिचे उत्तरही नीट दिले पाहिजे. आपण संरक्षण कोणत्या आधारावर मागतो? आपण मुस्लिम आहोत म्हणून, की निरपराध माणसावर जुलूम करणे हराम आहे म्हणून? पहिला आधार घेतला तर प्रत्येक समाज आपल्यापुरतेच मागेल आणि संख्येने मोठा असलेला जिंकेल. दुसरा घेतला तर कराचीतील शिखांचा हक्कही आपल्याला तितक्याच ठामपणे मान्य करावा लागेल. सूरह अन्-निसामध्ये (4:135) स्वतःच्या आणि आप्तांच्या विरुद्ध जावे लागले तरी न्यायाची साक्ष देण्याचा आदेश आहे, तो याचसाठी.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या तारुण्यातील 'हिल्फुल फुजूल' आठवा. येमेनमधून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केच्या एका सरदाराने घेतला आणि पैसे बुडवले. तो व्यापारी परका होता, मक्केत त्याच्या पाठीशी कबिला नव्हता. तेव्हा काही कबिल्यांनी एकत्र येऊन शपथ घेतली की, पीडित कोणीही असो, आपण त्याच्या बाजूने उभे राहू. नबुव्वत मिळाल्यानंतरही प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले की, इस्लामच्या काळातही अशा करारासाठी बोलावले तर मी जाईन. हा करार मुस्लिमांचा नव्हता आणि ज्याच्यासाठी तो झाला तोही मुस्लिम नव्हता.

आजच्या जगातही हा मार्ग बंद झालेला नाही. 2019 मध्ये गॅम्बिया या आफ्रिकेतील छोट्या देशाने रोहिंग्यांसाठी म्यानमारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभे केले, याचा आपल्याला आनंद झाला. परंतु 2014 मध्ये इराकमध्ये इस्लामचे नाव घेऊन यझिदींची कत्तल झाली आणि त्यांच्या स्त्रियांना गुलाम केले गेले, तेव्हा शंभराहून अधिक उलेमांनी खुले पत्र लिहून त्या कृत्यांचा निषेध केला, हे आपल्या घरांत किती जणांना ठाऊक आहे? जानेवारी 2016 मध्ये मोरोक्कोतील मराकेश येथे उलेमा व विचारवंतांनी मदीनेच्या सनदेचा आधार घेऊन मुस्लिमबहुल देशांतील धार्मिक अल्पसंख्यकांच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. असे जाहीरनामे आणि करार कागदावर राहतात ते सरकारांमुळे, आणि आपल्यासारख्यांच्या मौनामुळेही.

म्हणून वाचकहो, जुम्म्याच्या दुआत मजलूमांसाठी हात उठतील तेव्हा त्यात केवळ आपल्या नावांचे मजलूम नसावेत. शेजारच्या सिंधी घरातील एखादे वृद्ध सिंधच्या आठवणी सांगू लागले, तर मध्येच 'आमच्यावरही झाले' असे न म्हणता शेवटपर्यंत ऐकावे. आणि मुलांना फाळणी सांगताना दोन्ही बाजूंच्या उजाड घरांची हकीकत सांगावी. अल्लाह आपल्याला आपल्यांविरुद्धही खरे बोलण्याची हिंमत देवो. आमीन.