दाढ दुखायच्या आधी

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत की!’ हे वाक्य आपल्याकडे आज्जीपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, हे खरं. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. चौथ्या वर्षी दाढ किडली तर पुढची सहा-सात वर्षं लेकराने भाकरी चावायची कशाने? त्यात सहाव्या वर्षाच्या सुमारास या दाढांच्या मागे आणखी एक दाढ येते, ती कायमची. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं घरात कुणाला कळतही नाही. कळलं तरी तिलाही दुधाचीच समजून सोडून देतात.

मग एका रात्री ठणका लागतो. लवंग होते, गोळी होते, आणि सकाळी आई-बाप लेकराला कडेवर घेऊन धाराशिवच्या स्टँडवर उभे. लातूर की सोलापूर? दोन्हीकडे साधारण 70 किलोमीटर. आपल्या गावात दातांचे डॉक्टर नाहीत असं नाही, हलक्या हाताचेही आहेत, आणि साध्या तपासणीला एवढं लांब जायचं कारण नाही. पण एखादं पोर खुर्ची बघूनच किंचाळतं, एखाद्याच्या चार-पाच दाढा एकदम किडलेल्या असतात. अशा वेळी बीडीएसनंतर तीन वर्षं खास लेकरांच्याच दातांचं शिक्षण घेतलेला एमडीएस डॉक्टर गाठावा. लातूरला एमआयडीएसआर दंत महाविद्यालय आहे, आणि दंत महाविद्यालय म्हटलं की लेकरांच्या दातांचा विभाग असतोच. तिथे वेळ मोडतो, रांग असते, पण खिशाला झेपतं.

हा डॉक्टर मायाळू आहे हे ओळखायचं कसं? भिंतीवरच्या मोटू-पतलूवरून तर मुळीच नाही. (ते चित्र रंगाऱ्याने काढलेलं असतं.) तो सुरुवात कशी करतो ते बघावं. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही रीत अ‍ॅडेलस्टन नावाच्या दंतवैद्याने 1959 साली मांडली आणि आजही तीच शिकवतात. फिरणारा छोटा ब्रश आधी पोराच्या नखावर फिरतो, गुदगुल्या होतात, मग तो दाताकडे जातो. पाण्याचा फवारा आधी तळहातावर उडतो. दीड-दोन वर्षांचं बाळ असेल तर खुर्चीचं नावच नाही. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसतात, बाळ आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर, आणि मग आई त्याला हळूच मागे निजवते. डोकं डॉक्टरांच्या मांडीवर, नजर आईच्या चेहऱ्यावर. रडलं तर रडलं. रडताना तोंड उघडतं, तेवढ्यात सगळे दात दिसतात.

खरी परीक्षा पुढे आहे. ‘दुखलं तर डावा हात वर कर’ असं बरेच डॉक्टर सांगतात. हात वर झाल्यावर यंत्र थांबतं का, तेवढं बघावं. थांबलं नाही, तर त्या पोराला पुढच्या वेळी बसमध्ये चढवणंही अवघड जाईल.

मायाळू असणं म्हणजे गोड बोलणं नव्हे. कीड थांबवणारं चांदीचं एक औषध असतं, सुई नाही की कोरणं नाही, पण ते लावल्यावर किडलेला भाग काळा पडतो. चांगला डॉक्टर हे लावायच्या आधी सांगतो, नंतर नाही. आणि तो आपल्यालाही दोन शब्द ऐकवतो. वर्षभर ‘जेव, नाहीतर डॉक्टर सुई देईल’ म्हणायचं आणि तुळजापूरच्या पुढे बस गेली की ‘काही दुखत नसतं बाळा’ म्हणायचं, यातलं लेकराने कुठलं खरं मानावं?

खरं तर ठणक्याची वाट बघायचीच नसते. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दात दाखवावेत, असं बालदंतवैद्य सांगतात. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीचं पथक येतं, त्यात किडलेले दातही बघतात. त्या पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरात चुरगळून जाण्याआधी वाचावी.

आणि 70 किलोमीटर जायचंच ठरलं, तर निघण्याआधी दवाखान्यात फोन करून एवढंच विचारावं, ‘पहिल्या खेपेला त्याने तोंड उघडलंच नाही तर?’ ‘धरून बसवू की’ असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवावा. ‘नाही तर नाही, नुसतं खुर्चीवर वर-खाली करू, पुढच्या वेळी बघू’ असं म्हणाले, तर सकाळची गाडी धरायला हरकत नाही.