सत्याचा आग्रह आणि खासगीपण

खासगी गोष्ट झाकून ठेवणे म्हणजे सत्य सोडणे का, हा समाजमाध्यमांमुळे रोज समोर येणारा नैतिक प्रश्न आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतील यमांमध्ये अहिंसा आधी येते, सत्य नंतर. या सूत्रांवरील व्यासभाष्यानुसार ज्या बोलण्याने जिवाला अपाय होतो, ते खरे असले तरी पुण्याचे ठरत नाही. हा निकष इथे चपखल लागू पडतो. बारशाचा फोटो फेसबुकवर टाकला की त्यातले बाळाचे नाव, तारीख, मागची दारावरची पाटी, सगळे खरेच असते; पण त्यावरून अनोळखी माणसालाही घर सापडते, आणि बाळाला कोणी विचारलेले नसते. मायेपोटीही असा फोटो टाकण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

खासगीपण जपण्यासाठी पोस्ट कोणाला दिसावी हे ठरवणे, द्विस्तरीय पडताळणी चालू करणे, ओटीपी कोणालाही न सांगणे, एवढे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. मित्राने घेतलेला स्क्रीनशॉट मात्र बहुधा कोणतेच सेटिंग अडवत नाही. तिथे भिस्त त्याच्या सचोटीवर.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क मानला आणि त्याचे मूळ मानवी प्रतिष्ठेत पाहिले. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. घरगुती वापर मात्र त्यातून वगळला आहे.