विधी, अर्थवाद आणि अधिसूचना

सरकारी आज्ञा पाळण्याचे बंधन माणसावर नेमके केव्हा येते? अधिकाऱ्याने सही केली तेव्हा, ती राजपत्रात छापून आली तेव्हा, की ज्याने ती पाळायची त्याला ती कळली तेव्हा? कायद्याच्या व्यवहारात उत्तर ठरलेले आहे. राजपत्रात आलेली गोष्ट सर्वांना कळली असे धरले जाते आणि ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब चालत नाही. एवढे धरून चालल्याशिवाय राज्य चालणार नाही हे खरे. पण ‘कळले असे धरणे’ आणि ‘कळणे’ यांच्यामध्ये जे अंतर राहते, तेच सोप्या भाषेच्या प्रश्नाचे मूळ आहे.

आज्ञांचे प्रकार अनेक आहेत. अधिनियम कायदेमंडळ करते. अध्यादेश संसदेचे किंवा विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना निघतो. केंद्रात तो संविधानाच्या अनुच्छेद 123 खाली राष्ट्रपती काढतात आणि राज्यात अनुच्छेद 213 खाली राज्यपाल. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही, तर तो संपतो. अधिसूचना कायद्याने दिलेला अधिकार वापरून निघते. शासन निर्णय आणि परिपत्रक हे प्रशासनाचे रोजचे कागद. गावात मात्र या सगळ्यांना एकच नाव आहे: ‘जी.आर. आला.’

अशाच एका गावाचा दाखला घेऊ. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे ओळखले जाते. भोवतालच्या शिवारात सोयाबीन मोठे. केंद्राची प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 च्या खरिपापासून सुरू झाली. गारपीट झाली किंवा शेतात पाणी साचून पीक गेले, तर शेतकऱ्याने ठरावीक मुदतीत कळवायचे अशी तिची एक अट होती. ही मुदत आधी 48 तासांची होती. 2018 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी ती 72 तास केली. मराठी सूचनांत या कळवण्याला शब्द आला ‘पूर्वसूचना’: नुकसानीची पूर्वसूचना 72 तासांच्या आत द्यावी. आता पूर्वसूचना म्हणजे घडण्याआधी दिलेली सूचना, हे मराठी बोलणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. गारा पडून गेल्यावर त्यांची पूर्वसूचना कशी द्यायची? शब्द बनवणाऱ्याच्या मनात ‘पाहणीच्या आधी दिलेली सूचना’ असावे. वाचणाऱ्यासमोर मात्र आकाशाकडे पाहत बसण्याखेरीज मार्ग उरत नाही. त्याच कागदावरचे ‘काढणीपश्चात नुकसान’ म्हणजे सोंगणी झाल्यावर, माल शेतात वाळत पडला असताना झालेले नुकसान. ‘सोंगणी’ हा शब्द लिहिला असता तर एकाही वाचकाला अडखळावे लागले नसते. कोणत्या कचेरीत तो शब्द अशुद्ध ठरतो, कोण जाणे.

आज्ञावाक्याचा सर्वांत चिकाटीने विचार भारतात वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी केला. जैमिनीची सूत्रे, त्यांवरचे शबरस्वामींचे भाष्य आणि पुढे कुमारिल व प्रभाकर यांचे वाद या साऱ्याच्या मध्यभागी एक प्रश्न आहे: ‘अमुक करावे’ असे वाक्य ऐकून माणूस हलतो तो कशामुळे? कुमारिलांच्या परंपरेत विधिवाक्याकडून, म्हणजे आज्ञा देणाऱ्या वाक्याकडून, तीन उत्तरे अपेक्षित असतात. काय साधायचे, कशाने साधायचे आणि कसे साधायचे. यांना साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता म्हणतात. त्यांच्या जोडीला अधिकाराचा प्रश्न येतो: ही आज्ञा कोणासाठी आहे? आजच्या कोणत्याही योजनेच्या कागदाला हेच चार प्रश्न विचारावेत. पात्रता, लाभ, कागदपत्रे आणि अर्ज करण्याची रीत एवढेच शेतकऱ्याला हवे असते. ज्या सूचनेत ही चार उत्तरे सलग सापडत नाहीत, ती व्याकरणाने कितीही शुद्ध असो, मीमांसकाच्या मोजमापाने अपुरीच आहे.

मीमांसेचा दुसरा धडा याहून मोलाचा. वेदात विधीबरोबर पुष्कळ वर्णन, कथा आणि स्तुती येते. त्यात आज्ञा नाही, मग ते निरर्थक समजावे काय? जैमिनीचे उत्तर असे की हा अर्थवाद आहे आणि विधीशी जोडून एकवाक्यता झाली की तो सार्थ ठरतो. नुसती आज्ञा कानावर पडते. अर्थवाद माणसाला तिच्याकडे वळवतो. महाराष्ट्राच्या शासन निर्णयाची बांधणी या भेदाशी चमत्कारिक जुळते. वर ‘वाचा’ या शीर्षकाखाली आधीच्या कागदांचे क्रमांक, मग ‘प्रस्तावना’, मग ‘शासन निर्णय’ आणि अखेर राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने केलेली सही. प्रस्तावना हा अर्थवाद, ‘शासन निर्णय’ या शीर्षकाखालचा मजकूर हा विधी. दुर्दैवाने प्रस्तावना बहुधा आधीच्या निर्णयांची जंत्री असते, आणि निर्णय का घेतला हे वाचकाने ओळखायचे असते.

आज्ञा पोहोचल्याशिवाय तिला बळ नाही, हा विचार जुना आहे. अशोकाने आपले लेख पुष्कळ ठिकाणी त्या भागातल्या लोकांना समजतील अशा बोलीत कोरवले. कंदाहारला ते ग्रीक आणि अरामी भाषांत आहेत; मुंबईजवळच्या सोपाऱ्याला सापडलेले तुकडे प्राकृतात आहेत. कलिंगातल्या लेखात तर तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा मजकूर वाचून दाखवावा, ऐकायला एकच माणूस असला तरी वाचावा, असे बजावले आहे. युरोपात तेराव्या शतकात तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने कायद्याच्या व्याख्येतच ‘जाहीर केलेला’ ही अट घातली. स्वतंत्र भारतात हा प्रश्न 1951 साली हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने 1923 मध्ये अफूविषयी कायदा केला होता, पण तो कधी प्रसिद्धच केला नव्हता. त्या कायद्याखाली एका माणसाला 50 रुपये दंड झाला. न्यायालयाने तो रद्द केला: लोकांना कळण्याची सोय न करता बंद दाराआड केलेला ठराव लोकांवर बंधनकारक होत नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि बुलढाणा तेव्हा त्याच न्यायालयाच्या कक्षेत होता. अमेरिकेत याहून गमतीचा प्रकार घडला. 1930 च्या दशकात तेल उत्पादनाच्या एका निर्बंधावरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मग लक्षात आले की अध्यक्षांच्या दुरुस्ती आदेशात तो निर्बंध नजरचुकीने केव्हाच गळून गेला आहे. 1935 मध्ये तिथे संघराज्याचे राजपत्र काढण्याचा कायदा झाला, त्याला ही फजिती बरीच कारणीभूत होती.

छापले म्हणजे पोहोचले असे मात्र नाही. संविधानाच्या अनुच्छेद 348 प्रमाणे केंद्राच्या कायद्यांचे आणि आदेशांचे अधिकृत पाठ इंग्रजीत असतात. 1963 च्या राजभाषा अधिनियमाने हिंदी अनुवादाला अधिकृतपणा दिला. 1973 च्या एका कायद्याने केंद्रीय कायद्यांच्या मराठीसारख्या भाषांतल्या अनुवादांनाही तो मिळू शकतो. तरी केंद्राची रोजची अधिसूचना हिंदी आणि इंग्रजीतच निघते. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या 2020 च्या मसुद्यावर देशभरातून हरकती मागवल्या, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाला तो आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत आणण्याचा आदेश द्यावा लागला. ज्याला मसुदा वाचता येत नाही त्याच्याकडून हरकत मागणे हा उपचारच ठरतो.

हिवऱ्याचा आश्रम ज्यांच्या नावाने उभा आहे त्या विवेकानंदांनी 1900 साली ‘उद्बोधन’ या बंगाली पत्रासाठी भाषेवर लिहिले. विद्या संस्कृतात कोंडल्यामुळे पंडित आणि लोक यांच्यात दरी पडली, आणि बुद्धापासून रामकृष्णांपर्यंत लोकांच्या हितासाठी आलेल्यांनी लोकांच्याच भाषेत शिकवले, असा त्यांचा रोख होता. मराठीला हे नवे नव्हते. गीतेचे 700 श्लोक 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी सुमारे नऊ हजार ओव्यांत उलगडले. या प्रमाणाकडे लक्ष द्यायला हवे. सोपे करणे म्हणजे आखूड करणे, असा आजच्या माहितीपत्रकांचा समज दिसतो; ज्ञानेश्वरांसारख्या टीकाकारांना उलट ठाऊक होते. दाटून बसलेले वाक्य सोडवायचे तर दाखला लागतो, आणि दाखल्याला जागा लागते.

पण टीका आणि मूळ यांचा अधिकार एक नसतो. पीक विम्याचा कागद गावात समजावून सांगणारा कृषी सहायक किंवा सेतू केंद्रातला मुलगा अर्थवाद सांगत असतो, विधी नव्हे. त्याने ‘लवकर कळवा’ म्हटले आणि मुदतीचा आकडा सांगितला नाही, तर बोलणे सोपे झाले आणि आज्ञा हरवली. चौथ्या दिवशी तक्रार घेऊन गेलेल्याला कोणी सोपे सांगितले होते हे विचारले जात नाही. मूळ कागद दाखवला जातो. म्हणून मुदत, रक्कम, अपवाद आणि ‘परंतु’ने सुरू होणारी वाक्ये सोपी करतानाही जशीच्या तशी राहिली पाहिजेत. सरकारी मराठीतले ‘परंतुक’ पुष्कळदा मुख्य वाक्यापेक्षा अधिक माणसांच्या वाट्याला येते.

वेद अपौरुषेय, म्हणजे कोणी न रचलेले, मानल्यामुळे मीमांसकाला आज्ञेच्या कर्त्याकडे जाऊन ‘तुझ्या मनात काय होते’ असे विचारता येत नव्हते. शब्दातूनच अर्थ काढणे भाग होते. सरकारच्या आज्ञेला कर्ता आहे. त्याचे नाव, पद आणि सही कागदाच्या तळाशी असते. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मधील कलम 4 प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना कळवण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्राधिकरणावर टाकते, आणि माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषेचा विचार करायला सांगते. ही कारणे अर्ज न करताच मिळायची आहेत.