बळाला कारण हवे का?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले, की तुळशीपुढे कारीट फोडण्याची आपली रीत आहे. पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचे, नरकासुर मेला असे म्हणायचे आणि मग फराळाच्या ताटाकडे वळायचे. नरकासुराला श्रीकृष्णाने मारले, हे घरोघर ठाऊक असते. पण या कथेचा एक पाठ असाही आहे, की रणात सत्यभामा कृष्णाबरोबर होती आणि असुराचा शेवट तिच्याच हातून झाला. हा पाठ कुणी नाकारीत नाही. मात्र मुद्दाम कुणी सांगतही नाही. तीनच आठवड्यांपूर्वी आपल्या घरचे नवरात्र उठलेले असते. आमच्या जालना जिल्ह्यात अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीला त्या नऊ दिवसांत माणसांचा पूर लोटतो. देवीचे बळ आपल्याला पूज्य वाटते. तेच बळ शेजारच्या घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या दंडात दिसू लागले, की मात्र आपण कारण विचारतो : हे हिला कशासाठी?

मी घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी मुलांना शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. तेव्हा तत्त्वचिंतन हा काही माझा प्रांत नव्हे. पण काही प्रश्न पुस्तकातून येत नाहीत. ते शाळेच्या दारात येऊन उभे राहतात. कापूस वेचणीच्या दिवसांत एका मुलीचे वडील असेच येऊन उभे राहिले. ज्यूदो हा आता शालेय स्पर्धांतला खेळ आहे आणि त्यांची मुलगी त्यात नाव काढील असे आम्हां शिक्षकांना वाटत होते.

“बाई, पोर हुशार हाय म्हन्ता, खरं असंल,” ते म्हणाले. “पण त्या खेळात धरून आपटतेत. उद्या हात मोडला तर कोन पत्करंल हिला? आन् शिकून तरी काय व्हनार?”

मुलगी दाराशीच उभी होती. ती हळूच म्हणाली, “आप्पा, पडायचं कसं तेच आधी शिकवतेत. लागत नाही.”

हा माणूस वाईट नव्हे. मुलीच्या वह्या-पुस्तकांसाठी त्याने पोटाला चिमटा घेतलेला मी पाहिला आहे. त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याला उत्तरही प्रामाणिक द्यायला हवे. अशा वेळी आपण जी उत्तरे देतो, ती खरीच टिकतात का, हे मला पाहायचे आहे.

पहिले उत्तर तयारच असते. “दिवस वाईट आहेत. मुलीला स्वतःचे रक्षण करता आले पाहिजे.” हे उत्तर ऐकायला बरे वाटते आणि बापालाही पटते. पण थोडे थांबून पाहिले, की त्यात एक अन्याय दडलेला दिसतो. वाट चुकला दुसरा, आणि पहारा मात्र हिने द्यायचा! शिवाय बळ असले म्हणजे रक्षण होतेच, असेही नाही. हमीदा बानूची हकिकत याची साक्ष देते.

उत्तर प्रदेशातली ही पहिलवान बाई १९५४ साली देशभर गाजत होती. जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन, असे तिच्या नावाने जाहीर झाले होते. त्या वर्षी मे महिन्यात बडोद्याला तिने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. मुंबईत व्हेरा चिस्टिलिन ही रशियन मल्ल तिच्यापुढे एक मिनिटही टिकली नाही. तिचा खुराक, तिचे वजन, तिची झोप यांची वर्णने वर्तमानपत्रांनी चवीने छापली. पण आपल्या महाराष्ट्राने तिला कसे वागवले? पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती तालीमवाल्यांच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात तिने एका पुरुष मल्लाला हरवले, तेव्हा प्रेक्षकांतून दगड आले आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. तिने त्या वेळचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. ती स्त्री आहे म्हणून नव्हे, तर कुस्त्या भरवणारे लोक नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून बंदी आहे, असे उत्तर तिला मिळाले. तिच्या कुस्त्या ठरवून होत असाव्यात, असा संशय त्या काळी बोलला जाई, हेही सांगितले पाहिजे. पण खोट्या कुस्तीवर एवढा खरा दगड कोण मारतो?

पुढची गोष्ट अधिक कडू आहे. तिला युरोपात जाऊन लढायचे होते. तिने जाऊ नये म्हणून तिला घरातच मारहाण झाली आणि तिचे हात मोडले, असे तिच्या नातवाने सांगितले आहे. नंतरची वर्षे तिने कल्याणला काढली. दूध विकले, खोल्या भाड्याने दिल्या. हात आखडला तेव्हा रस्त्याकडेला खाद्यपदार्थ विकले. १९८६ साली ती गेली. भर आखाड्यात भल्याभल्यांना लोळवणारी बाई घराच्या उंबऱ्याआत असुरक्षित राहिली, असे ही हकिकत सांगते. बळाने रक्षण होते या उत्तरात म्हणून मोठे छिद्र आहे. जिथे बळ वापरता येत नाही, कारण समोर आपलेच माणूस असते, तिथे डावपेच काय कामाचे?

दुसरे उत्तर आजकाल अधिक चालते : “पदक आणील, नोकरी लागेल, गावाचे नाव होईल.” हे उत्तर मीही त्या वडिलांना देऊ शकले असते. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा कऱ्हाडपासून त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. अशी मिरवणूक आपल्या लेकीची निघावी, असे कोणत्या बापाला वाटणार नाही? पण शंभर मुलींतून पदक एखादीला मिळते. उरलेल्या नव्व्याण्णव मुलींचा घाम वाया गेला म्हणायचे काय?

आणि पदकाचे दार तरी आपल्या हाती कुठे असते? ऑस्ट्रिया हा मुंबईपेक्षाही कमी लोकवस्तीचा डोंगराळ देश. १९८० साली न्यूयॉर्कला स्त्रियांची पहिली जागतिक ज्यूदो स्पर्धा झाली. तिच्या आठ सुवर्णपदकांपैकी तीन ऑस्ट्रियाच्या मुलींनी नेली : एडिथ ह्रोवाट, गेर्डा विंकलबाउअर आणि एडिथ सिमोन. जगज्जेत्या झाल्या, पण ऑलिंपिक त्यांच्यासाठी नव्हतेच. पुरुषांचा ज्यूदो १९६४ साली टोकियोला ऑलिंपिकमध्ये आला. स्त्रियांना पदकांसाठी खेळता यायला १९९२ चे बार्सिलोना उजाडावे लागले. दार उघडेपर्यंत या तिघींची उमेदीची वर्षे सरली होती. त्याच देशाची मिखाएला पोलेरेस त्या उघड्या दारातून आत गेली. २०२१ साली टोकियोला ती अंतिम लढतीत हरली आणि २०२४ साली पॅरिसला कांस्यपदकाची लढत जिंकली. आधी रौप्यपदक, मग कांस्यपदक. ज्यूदोत ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे, की कांस्यपदकवाला शेवटची लढत जिंकून घरी जातो आणि रौप्यपदकवाला हरून. पदकासाठीच खेळायचे, तर टोकियोच्या हारीनंतर तीन वर्षे पुन्हा रोज स्वतःला आपटून घेण्याचे बळ ती कुठून आणील? पदकाच्या अलीकडे काहीतरी असले पाहिजे.

पदक हे कवचही नव्हे. २०२३ साली देशाला पदके मिळवून देणाऱ्या कुस्तीगीर मुलींना आपल्यावरच्या अत्याचाराच्या तक्रारींची दाद मागण्यासाठी दिल्लीत जंतरमंतरवर रस्त्यात बसावे लागले. ते आपण सर्वांनी घरबसल्या पाहिले आहे.

मग तिसरे उत्तर कोणते? मला ते त्या मुलीच्या एका वाक्यात सापडते : पडायचे कसे तेच आधी शिकवतात.

जिगोरो कानो या जपानी शिक्षकाने १८८२ साली टोकियोत ज्यूदोची पहिली शाळा काढली. होय, हा मनुष्यही मास्तरच होता. त्याच्या विद्येत पहिला धडा पाडण्याचा नसतो, पडण्याचा असतो. हनुवटी छातीशी घ्यायची, अंग गोल करायचे आणि हाताची थाप जमिनीवर मारून पडण्याचा मार वाटून टाकायचा. रवींद्रनाथांना ही विद्या इतकी मोलाची वाटली, की १९२९ साली त्यांनी ताकागाकी नावाचे जपानी गुरू शांतिनिकेतनात आणवले, आणि तिथे मुलांबरोबर मुलीही ती शिकल्या. कवीच्या आश्रमात मुली एकमेकींना उचलून आपटत होत्या, या कल्पनेने मला अजून हसू येते आणि बरेही वाटते.

आपण मुलींना काय शिकवतो? पडू नकोस. जपून चाल. धावू नकोस, लोक बघतात. मी स्वतः वयाच्या चौदाव्या वर्षानंतर कधी धावले, ते मला आठवत नाही. एस. टी. चुकली तरी मी झपझप चालते, धावत नाही. कुणी मला बांधून घातले नव्हते. नुसते बघितले होते. जिला पडण्याची भीती आयुष्यभर घातली, ती उभी राहते खरी, पण भिंतीला धरून. पडून उठलेल्या मुलीला जमीन परकी वाटत नाही. हा लाभ पदकाआधीचा आहे आणि शंभरातल्या शंभर जणींना मिळणारा आहे.

या खेळातली आणखी एक रीत मला त्याहून मोठी वाटते. पकड घट्ट बसली, सोसवेना, की खालच्याने हाताने दोनदा थाप द्यायची. थाप पडली, की वरच्याने त्याच क्षणी सोडायचे. तो कितीही जिंकत असो, कितीही जोरात असो, थाप म्हणजे थांब. त्या भरवशावरच एक जण आपली मान दुसऱ्याच्या हाती देतो. म्हणजे इथे बळाबरोबर थांबणेही शिकवले जाते, आणि दुसऱ्याचा नकार हा नियम मानला जातो. पहिल्या उत्तरातली पोकळी मला इथे भरलेली दिसते. मुलीला सामर्थ्य हवेच. पण ज्यांच्याशी तिचा जन्म जायचा, त्यांना थापेचा अर्थ कळायला हवा. तो धडा मुलांचा आहे, बापाचा, भावाचा, नवऱ्याचा आहे. हमीदा बानूला बळ कमी पडले नाही. तिची थाप ऐकणारा कुणी नव्हता.

कुणी म्हणेल, बाई, हे फार वरचे बोलणे झाले; गावात हे कसे चालेल? गावाचेच सांगते. बलोपासना शिकवणाऱ्या समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यात आहे. समर्थांनी ठिकठिकाणी मारुती स्थापिले, आणि त्यांच्या संप्रदायात वेणाबाई कीर्तनाला उभी राहिली, अक्काबाईने मठाचा कारभार पाहिला. पण तालमीतल्या मारुतीसमोर बाईने पाऊल टाकू नये, असा रिवाज आपल्याकडे कित्येक ठिकाणी राहिला. मला वाटते, उपासना आपण उचलली, पण ती अर्ध्या घरालाच वाटली. १९६१ साली पहिला महाराष्ट्र केसरी झाला. स्त्रियांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी ती गदा घेऊन गेली. मध्ये बासष्ट वर्षे गेली. ज्या भागात हमीदावर दगड आले, त्याच भागात या मुलीला टाळ्या पडल्या. रिवाज दगडाचे नसतात, बदलतात.

तेव्हा “शिकून काय होणार?” या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. कदाचित काहीच होणार नाही. मुलगा गाऊ लागला, पोहू लागला, तर आपण त्याला कारण विचारीत नाही. त्याचे अंग त्याचे आहे असे धरून चालतो. मुलीचे अंग मात्र आपण कुणाची तरी ठेव समजतो. आज बापाची, उद्या नवऱ्याची, पदक मिळाले तर देशाची. ठेव जपायची असते, वापरायची नसते. म्हणून हात मोडण्याआधीच आपल्याला तो कोण पत्करील याची काळजी लागते. हमीदाच्या बळालासुद्धा लग्नाच्या पैजेचा फलक लावावा लागला, तो याच समजुतीपायी. बळाला कारण हवे का? माझ्या मते नको. ते तिचे आहे, एवढे कारण पुरे. कारण द्यायचेच असेल, तर ते अडवणाऱ्याने द्यावे.

हे सारे मी त्या वडिलांना इतक्या शब्दांत सांगितले नाही. मी एवढेच म्हटले, “हात मोडला तर बरा होतो, आप्पा. मन मोडले तर त्याला प्लास्टर नाही.” ते काही वेळ जमिनीकडे बघत राहिले, मग “बघू, वेचणी होऊ द्या,” म्हणाले. खेड्यातला ‘बघू’ हा नकार नसतो आणि होकारही नसतो. तो एक हंगाम मागून घेतलेला असतो. मला तेवढा पुरेसा वाटतो.

यंदा फराळाला बसाल, तेव्हा घरातल्या मुलींकडे जरा बघा. एखादी अंगणात धावत असेल, भावाला लोळवीत असेल. “अगं, पडशील!” हे शब्द सवयीने ओठांवर येतील. ते तिथेच थोपवून पाहावेत. पडली तर उठेल.